निळ्या फरशीमागची गाळपेटी

"गाळपेटीत हात चिमटीनंच घालायचा. का, ते विचारायचं नाही."

या घरात हा नियम माझ्याइतकाच जुना आहे. तेरा वर्षांचा. माझ्यामुळेच तो झाला, म्हणून आज मलाच बोलायला हवं. मी मागच्या अंगणातल्या भिंतीत बसवलेली गाळपेटी.

येणारे-जाणारे माझ्याकडे बघत नाहीत. ते येतात माझ्या डोक्यावरची हिरवी भिंत बघायला. एकावर एक कप्पे, त्यांत मनीप्लँट, नेचे, क्रोटन, जांभळ्या पानांचा कोलियस. आजोबा छाती काढून सांगतात, "या झाडांना नळाचा एक थेंब घालत नाही आम्ही. अंघोळीचं, बेसिनचं, कपडे धुतलेलं पाणी, त्यावरच सगळं उभं आहे." खरं आहे ते. पण ते पाणी आधी माझ्या पोटातून जातं, हे सांगायचं राहून जातं.

मला घरातला प्रत्येक जण पाण्यावरून कळतो. बाबा घाईत अंघोळ करतात, साबण त्यांच्या अंगावर कमी आणि माझ्यात जास्त. आत्याचे लांब केस जाळीला वेटोळे घालून बसतात. आजोबा म्हणतात, "माझे केस अजून काळेच आहेत हो." महिन्यातून एकदा माझ्यात शाईसारखं पाणी उतरतं. मी कधी चहाडी केली नाही.

हे केस, कपड्यांचे धागे, साबणाचा साका माझ्या जाळीवर अडतो. पाणी वाळू-खडीतून झिरपून टाकीत जमतं, पंप ते वरच्या नळीत चढवतो आणि तिथून ते थेंबाथेंबानं कप्प्याकप्प्यांतून खाली येतं. दोन दिवस जाळी धुतली नाही की पाणी कुजतं, नळीची भोकं बुजतात आणि वरची ओळ मान टाकते.

मला बसवताना प्लंबर म्हणाला होता, "काका, तोंड मोठं ठेवतो. जाळी काढायला कोपरापर्यंत हात जायला हवा."

पण आजोबांनी माझ्यापुढे लावायला नक्षीची निळी फरशी आणली होती. मोठं भोक पाडलं तर नक्षी जाणार. "पेल्याएवढं भोक पुरे झालं," ते म्हणाले.

"अहो, त्यात हात कुणाचा जाणार?"

आजोबांनी इकडेतिकडे पाहिलं. नऊ वर्षांची नात उकिडवी बसून काम बघत होती. "ही आहे की!"

त्या दिवशी तिचं नाव चिमटी पडलं. सुरुवातीला तिला मोठी मौज वाटायची. सगळ्या घरात हे एक काम फक्त तिलाच येत होतं ना! परीक्षेच्या सकाळी, अंगात ताप असताना, गावाला जायची गाडी दारात उभी असताना आधी जाळी. एकदा आईनं सांडशी घालून पाहिली. जाळी फाटली, आणि आईनं चार दिवस बोलणी खाल्ली. आतल्या दोन खिळ्यांवरून जाळी बोटांनीच सोडवावी लागते, त्याला इलाज नाही.

मुलगी वाढली, हातही वाढला. माझं तोंड तेवढंच राहिलं. तिच्या मनगटावर एक लाल रेघ आली, ती गेलीच नाही. कॉलेजात असताना तिनं विचारलं, "फरशी काढून तोंड मोठं करूया का?"

"मोठ्यांनी विचार करूनच केलंय ते," आत्या म्हणाली.

तो विचार मी पाहिलाय. फरशीच्या दुकानातून आणलेला होता.

गेल्या वर्षी तिला दुसऱ्या शहरात पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. "वरची ओळ सुकलीय, भिंत जरा सावरू दे, मग जा," असं सगळे म्हणाले. ती राहिली. भिंत सावरली, नोकरी गेली. यंदा तिथूनच पुन्हा बोलावणं आलं. उद्या सकाळी हजर व्हायचं, आज दुपारची बस. यंदा तिनं कुणाला विचारलं नाही, फक्त सांगितलं.

अडकून पडणं मला नवीन नाही. चारी बाजूंनी सिमेंट, समोर फरशी. पण मी पेटी आहे, मला कुठं जायचंय? तिला जायचं होतं.

आज सकाळी ती शेवटची जाळी काढायला बसली. झाडं बघायला बागेची हौस असलेली मंडळी यायची होती, म्हणून घरात लगबग होती. तिनं हात आत घातला, एक खिळा सोडवला, आणि अंगठ्याचं हाड माझ्या कडेला अडलं. तिनं ओढलं. निघेना. पुन्हा ओढलं. हात सुजायला लागला, तसा आणखीच घट्ट बसला.

"आई!"

सगळे धावले. आईनं तिचं कोपर धरलं. बाबा म्हणाले, "अंगठा आत मुडप. मुडप गं!"

"मुडपलाय, बाबा. सुजलाय तो."

"हातोडी आणा," आई म्हणाली. "फोडा ती फरशी."

"फरशी?" आजोबांचा आवाज चढला. "तशी फरशी आता शोधून मिळत नाही. आणि अर्ध्या तासात लोक येताहेत. तेल आणा, तेल."

आत्या हात कमरेवर ठेवून उभी. "तेरा वर्षं सुखरूप जातोय हात. नेमका आजच बरा अडकला!"

बाबांनी आईकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं, आणि तेल आणायला गेले.

मी जिवाच्या आकांतानं ओरडत होते, की फोडा मला! माझा एक टवका उडाला तर काय बिघडणार आहे? पण पेटीचं कोण ऐकतं? तिची नाडी माझ्या कडेवर ठोके देत होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती एकेकाचं तोंड नीट बघत होती.

अर्धी बाटली तेल ओतल्यावर हात सुटला. अंगठ्याची साल माझ्या कडेला राहिली. आईनं पदर लावून रक्त दाबलं. आजोबा वाकले आणि माझ्यात डोकावले.

"जाळी आतच राहिली की गं. आता हाताला तेल लागलंच आहे, तर एकदा पुन्हा घाल. हळूच."

"नाही," चिमटी म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही, आजोबा. आता नाही आणि सुट्टीला आले तरी नाही."

"आणि भिंत वाळली तर?" आत्यानं विचारलं.

"फरशी फोडलीत तर नाही वाळणार. ठरवा तुम्ही."

"मोठ्यांशी बोलायची ही रीत झाली?"

"निळी फरशी वाचली, त्याचा सगळ्यांना आनंद झाला. मला दुखतंय का, हे तुमच्यापैकी कुणी विचारलंत, आत्या?"

आत्यानं कमरेवरचे हात खाली घेतले. बाबा तेलाच्या बाटलीचं बूच लावत राहिले. चिमटी आत गेली आणि बॅग खांद्याला लावून बाहेर आली.

माझ्यात पाणी कडेपर्यंत चढलंय, वास सुटायला लागलाय. असू दे. पोरी, तू नीघ.

दाराची बेल वाजली. पुन्हा वाजली. आजोबा फरशीवर हात टेकून खाली बघत उभे होते. शेवटी दार चिमटीनंच उघडलं आणि पाहुण्यांच्या बाजूनं ती बाहेर पडली.