पेटी पाणी पिते

त्या रविवारी दुपारी आमच्या घरात बत्तीस माणसं बसली होती. चपला दारापासून जिन्यापर्यंत गेल्या होत्या. खालच्या मजल्यावरच्या बाई दोनदा तक्रार करून गेल्या आणि तिसऱ्यांदा स्वतःच जागा धरून बसल्या. सगळ्यांची तोंडं टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे होती. स्क्रीन काळाच होता. पण पेटीतून आवाज येत होता. गुड, गुड, मग एक लांब सुस्कारा, मग पुन्हा गुड. दर सुस्काऱ्याला कोणीतरी डोळे पुसत होतं.

कॉम्प्युटर माझ्या बायकोचा. ती लोकांच्या घरांचे आतले आराखडे काढायची, कुठे कपाट, कुठे खिडकी. त्यासाठी तिने सुटे भाग आणून तो स्वतः जोडला होता. फार तापायचा म्हणून त्यात पाणी फिरवलं होतं. वर-खाली पाण्याच्या खुणा असलेली काचेची एक उभी टाकी, मुठीएवढा पंप, दोन नळ्या आणि पाणी गार करणारी एक जाळी. मी नळकाम करणारा माणूस, पण या पेटीला मला कधी हात लावू दिला नाही. तुम्ही पान्याने दार उघडाल, म्हणायची.

ती जाऊन आठ महिने झाले होते. तेवढे दिवस पेटी बंद होती. मग मेहुणीला बहिणीचे फोटो हवे झाले, तिने बटण दाबलं आणि आतून तो आवाज आला. मेहुणी पांढरी पडली. शेवटच्या महिन्यात माझ्या बायकोचा श्वास तसाच यायचा. मलाही तसंच वाटलं. हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढे मी शहाणपणा सांगायला लागलो की हा कुठला शहाणा ते तुम्हाला ठाऊक असेल.

मेहुणीच्या ओळखीचे एक जलगुरू होते. ते दुसऱ्याच दिवशी आले. पांढरा सदरा, पांढरे मोजे, हळू आवाज. पाण्याला आठवण असते, म्हणाले. आठवणीला कंपन असतं, कंपनाला फ्रिक्वेन्सी असते. फ्रिक्वेन्सीला पुढे काय असतं ते दर वेळी सांगायचं राहून जायचं. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी हे मान्य केलं आहे म्हणे. कोणत्या, असं विचारल्यावर ते सध्या मौनात आहेत असं कळलं.

त्यांनी टाकीला डोळा लावला. पाणी खालच्या खुणेच्याही दोन बोटं खाली गेलं होतं. जलगुरू पुटपुटले, ती पिते आहे. त्या दिवसापासून सासूबाई रोज पेटीसमोर पाण्याचा पेला ठेवायला लागल्या. पाणी वाढवायचं नाही, पेटी उघडायची नाही, अशी सक्त ताकीद होती.

मग प्रश्न सुरू झाले. जलगुरू पेटीच्या माथ्यावर दोन्ही तळवे ठेवायचे आणि विचारायचे. विचारल्यावर लगेच जोराची गुडगुड आली तर हो, नाही आली तर नाही. सुखात आहेस का? गुड. आईची आठवण येते का? गुड गुड. नवऱ्याला काही सांगायचं आहे का? शांतता. त्या शांततेवर मी दोन रात्री झोपलो नाही.

इथपर्यंत नुकसान माझ्या झोपेचंच होतं. पण सासूबाईंच्या पोटात गाठ होती आणि बुधवारी ऑपरेशन ठरलं होतं. मेहुणीने तोही प्रश्न घातला. आईने ऑपरेशन करावं का? जलगुरूंचे तळवे पेटीवर, डोळे मिटलेले. पेटी गप्प.

सासूबाईंनी दवाखान्याची पिशवी उलटी करून कपडे परत कपाटात लावले. डॉक्टरीणबाईंचा फोन आला, गाठ आपल्या सोयीने थांबत नाही, म्हणाल्या. मी सासूबाईंना समजावलं. त्या ऐकून घेत होत्या आणि पेल्यातलं पाणी बदलत होत्या.

"जावईबापू, परक्या बाईचं ऐकू की पोटच्या पोरीचं?"

खरं तर मीही ऐकत होतो.

रविवारी जलगुरू पेटी आपल्या केंद्रात न्यायला आले. मोठ्या जागेत जास्त लोकांना लाभ होईल, म्हणाले. पैसे ते घेत नसत, असल्या वस्तू घेत. शेवटचं ऐकायला म्हणून ही बत्तीस माणसं. वायरी सोडवायच्या म्हणून मी टेबलाचा खण रिकामा करायला घेतला आणि त्यात हिची वही सापडली.

हिचं अक्षर बारीक आणि उभं. पहिल्या पानावर पंपाचा खर्च, मग नळ्यांची मापं. पुढे एका पानावर दोन वर्षांपूर्वीची तारीख आणि खाली लिहिलं होतं: "पुन्हा गुडगुड. पाणी खालच्या खुणेखाली गेलं, पंप हवा ओढतो. दर तीन महिन्यांनी भरायचं, विसरायचं नाही. यांना सांगायचं नाही, पाइपच बदलतील."

मी ते दोनदा वाचलं. तीस वर्षं मी लोकांच्या घरी जाऊन सांगत आलो, घाबरू नका, नळाने हवा धरली आहे. खोकणारे, शिट्ट्या मारणारे, रडणारे नळ मी ऐकले. आणि स्वतःच्या घरात तोच आवाज बारा दिवस हात जोडून ऐकला.

आवाज ती आल्यामुळे येत नव्हता. पाणी भरणारी गेली म्हणून येत होता.

दुसरी गोष्ट मला खण बंद करायला वाकलो तेव्हा दिसली. ते टेबल मी बनवलेलं आहे आणि त्याचा एक पाय आखूड आहे. ही त्याखाली पुठ्ठ्याची घडी ठेवायची. घडी भिंतीकडे सरकवलेली होती. वरून पेटीवर तळव्यांचा जोर दिला की टेबल एका अंगाला कलायचं, अडकलेला बुडबुडा जाळीतून सुटायचा आणि मेहुणीची ताई हो म्हणायची. जोर दिला नाही की ताई नको म्हणायची.

मी घडी परत पायाखाली सारली आणि जलगुरूंना म्हटलं, महाराज, जाण्याआधी एकदा विचारा, ती सुखात आहे का. त्यांनी तळवे टेकले. मग जोर लावला. मग मानेची शीर दिसेपर्यंत लावला. टेबल हललं नाही. पेटी आपल्या मनाने सुस्कारत राहिली, पण विचारल्यावर एक शब्द बोलेना.

"आज ती रुसली आहे," ते म्हणाले.

वहीत पुढची रीत लिहिली होती, तशी मी केली. कॉम्प्युटर बंद केला. फक्त पंप चालावा म्हणून तिने मागे वेगळा खटका बसवला होता, तो दाबला. टाकीचं झाकण सैल केलं. पेटी हळूच डावीकडे कलवली, उजवीकडे कलवली. जाळीतून बुडबुडे निघाले, नळीतून पळत टाकीत आले आणि वर येऊन फुटले. कपाटात तिचीच शुद्ध पाण्याची बाटली होती. वरच्या खुणेपर्यंत भरलं. थोडा वेळ पंप, थोडा वेळ थांबणं, पुन्हा कलवणं. दहा मिनिटांत शेवटचा बुडबुडा गेला आणि खोलीत बत्तीस माणसांचा श्वास ऐकू यायला लागला.

जलगुरू चटकन उभे राहिले. "मुक्त झाली. आपल्या सर्वांसमोर मुक्त झाली."

पाच-सहा जणांनी हातही जोडले. मी एक बारीक नळी टाकीत सोडून चार पेले पाणी उपसलं आणि खटका दाबला. गुड, गुड, सुस्कारा.

"परत आली का हो?" खालच्या बाईंनी विचारलं.

मी पाणी भरलं, हवा काढली. गप्प. पुन्हा उपसलं. गुड. तिसऱ्यांदा उपसायला लागलो तेव्हा कोणीतरी फिसकन हसलं. एकेक करून चपला कमी व्हायला लागल्या. जलगुरूंना दुसरीकडे वेळ दिलेली आठवली. मेहुणी भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिने फसवलं नव्हतं, तिला बहीण हवी होती.

सासूबाईंनी वही मागून घेतली. अक्षरावरून बोट फिरवलं.

"म्हणजे ती नको म्हणाली नव्हती?"

"नाही आई. कोणीच काही म्हणालं नव्हतं."

"आणि असती तर काय म्हणाली असती?"

"तारीख मोडायला निघालात म्हणून तुम्हाला आणि निघू दिलं म्हणून मला, दोघांनाही फाडून खाल्लं असतं."

सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या आणि हसता हसता रडल्या. मग उठल्या आणि कपाटातून दवाखान्याची पिशवी काढली. ठरल्याप्रमाणे बुधवारी ऑपरेशन झालं. आता त्या घरी आहेत आणि माझ्या भाजीत मीठ कमी असतं असं रोज सांगतात.

गेलेल्या माणसाचा आवाज ऐकू येणं हा गुन्हा नाही. मलाही आला. पण त्या आवाजावर कोणी तुमच्या औषधाचा, ऑपरेशनचा, पोरांच्या आयुष्याचा निर्णय करायला बसला, तर हात जोडण्याआधी झाकण उघडा. झाकण उघडायचं नाही असं तो सांगत असेल, तर ते आधी उघडा. आणि टेबलाचे पाय बघा.

परवा तीन महिने झाले. पाणी भरलं, हवा काढली आणि वहीत तिच्या तारखेखाली माझी तारीख लिहिली. पेटी गप्प चालते आहे. ती शांतता मला अजून सोसत नाही, पण खरी आहे.