दाराला लावलेला कान

चोरी झालेल्या घराचा पत्ता हातात पडला आणि भिंगताईनं तो पुन्हा एकदा वाचला. पोलिसांच्या ठसे विभागात सगळे तिला भिंगताईच म्हणत. भिंग कायम गळ्यात, अगदी डबा खातानासुद्धा. एकदा तर ते साहेबांच्या चहात बुडालं होतं. तर तो पत्ता तिच्या सख्ख्या नणंदेचा होता.

तिनं तडक साहेबांना जाऊन सांगितलं की घर नात्यातलं आहे, दुसऱ्या कोणाला पाठवा. पण दोघं रजेवर होते आणि तिसरा, ज्याला सगळे काजळ्या म्हणत, तो कोर्टात साक्षीला गेला होता. आज नुसते ठसे उचलून आणा, तपासायचं नंतर बघू, असं म्हणून साहेबांनी विषय मिटवला.

नातं तरी काय, नावापुरतंच उरलं होतं. सासूबाई ऑपरेशनमध्ये गेल्या. त्या ऑपरेशनच्या कागदावर सही नणंदेनं केली होती. घरात माणसं जमलेली असताना भिंगताईचा नवरा बहिणीला म्हणाला होता, "आईला तू मारलंस." त्यानंतर बहीणभावांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. नणंद विधवा, एकटी राहणारी आणि मानी. तिनं एकदाही फोन केला नाही. यांनीही केला नाही.

नणंदेनं दार उघडलं, भावजयीला पाहिलं आणि बाजूला झाली. फौजदारानं हकीकत सांगितली. बाई दुपारी दवाखान्यात गेल्या होत्या. परत येऊन पाहतात तर स्वयंपाकघरात पिठाचा डबा उपडा पडलेला आणि त्यात लपवलेल्या आईच्या सोन्याच्या बांगड्या गायब. कपाटाला हात लावलेला नाही, टीव्ही जागच्या जागी. चोर सरळ पिठाच्या डब्याकडेच गेला होता.

"म्हणजे माहीतगार माणूस," फौजदार म्हणाला.

नणंद खालच्या आवाजात म्हणाली की पिठात दागिने लपवायची सवय आईची. ती ठाऊक असलेली माणसं दोनच, मी आणि माझा भाऊ. हे सांगताना ती भिंगताईकडे बघत नव्हती, मुद्दाम बघत नव्हती.

भिंगताईनं कामाला सुरुवात केली ती बाहेरच्या दारापासून. टॉर्च तिरका धरून तिनं पॉलिश केलेल्या लाकडावर उजेड फिरवला. कडीपाशी नणंदेच्याच बोटांची गर्दी होती. मग टॉर्च थोडा वर गेला आणि तिचा हात थांबला. तिथं एक कान होता. कोणीतरी दाराला कान लावून उभं राहिलं होतं. पावडर फिरवल्यावर तो आणखी स्पष्ट झाला. गोल पाळी, आतली कमान, आणि वरच्या कडेला एक छोटी खाच.

ती खाच तिनं ओळखली. लहानपणी सायकलवरून पडून तिच्या नवऱ्याचा कान तिथं फाटला होता.

तिनं फोटो काढले, चिकटपट्टीवर ठसा उचलला, कार्डावर नीट नोंद केली. हात सवयीनं काम करत होते. स्वयंपाकघरात तिनं पिठाच्या डब्यावर पावडर मारली, ओट्यावर मारली, आणि आवरतं घेतलं. तिला कधी एकदा बाहेर पडते असं झालं होतं. निघताना नणंदेनं विचारलं, "काही सापडलं का, वहिनी?" ती म्हणाली, तपासल्याशिवाय काही सांगता येत नाही, वन्सं. खोटं नव्हतं ते, पण पुरतं खरंही नव्हतं.

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला सहज विचारल्यासारखं विचारलं की आज दिवसभर ऑफिसातच होतात का. तो वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला, "मग कुठे असणार?" तो अंघोळीला गेल्यावर तिनं त्याच्या ऑफिसातल्या मित्राला फोन लावला. मित्र हसत म्हणाला, स्वारी आज जेवणानंतर गुल झाली होती, घरी काही बेत होता का?

झालं, मनात किडा शिरला तो शिरलाच. तिनं त्याची बॅग हुंगली. बुटांच्या शिवणीत पीठ दिसतंय का ते भिंगातून पाहिलं. कपाटातल्या मोज्यांच्या जोड्या उलगडून परत गुंडाळल्या. इतकी वर्षं लोकांच्या घरांत जे केलं ते आपल्याच घरात चोरासारखं करताना तिला स्वतःची किळस आली, पण हात थांबेनात. सापडलं काहीच नाही. त्यामुळे तर संशय आणखी वाढला. न सापडण्याइतका तो हुशार होताच.

सकाळी गाडी तीच चालवत असे. नवरा शेजारी बसून काचेला डोकं टेकायचा आणि ऑफिस येईपर्यंत घोरायचा. त्या दिवशी त्याला सोडल्यावर तिनं गाडी कडेला घेतली, ठशांच्या सामानाची पेटी उघडली आणि त्या काचेवर पावडर फिरवली. कान उमटला. दोन्ही कार्डं मांडीवर शेजारी शेजारी ठेवून तिनं भिंग डोळ्याला लावलं. तीच कमान, तीच पाळी, तीच खाच.

संध्याकाळी तिनं दोन्ही कार्डं त्याच्यासमोर ठेवली. त्यानं दुसऱ्या कार्डावरची नोंद वाचली.

"हा काचेवरचा कधी घेतलास?"

"आज सकाळी."

"मी झोपेत होतो तेव्हाचा," तो म्हणाला. मग त्यानं सांगितलं. तो तिथं जातो, अधूनमधून, आज नव्हे, कैक वर्षांपासून. बेल वाजवायची हिंमत होत नाही. दाराला कान लावतो. आतून भांड्याचा, रेडिओचा, ताईच्या चपलांचा आवाज आला की बरं वाटतं आणि परत फिरतो. काल आतून काहीच आवाज आला नाही, म्हणून जरा जास्त वेळ थांबला होता.

भिंगताईला त्याच्यावर विश्वास ठेवायचा होता. पण इतकी वर्षं ही गोष्ट बायकोपासून लपवणारा माणूस आणखी काय लपवत असेल, हाही प्रश्न होताच.

"चोरानंही हेच सांगितलं असतं," ती म्हणाली.

"मग सांग जाऊन तुझ्या साहेबांना."

आणि तिनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला चौकीत बोलावलं. काजळ्यानं त्याच्या दहाही बोटांचे, दोन्ही तळव्यांचे आणि कानांचे ठसे घेतले. भिंगताई पलीकडच्या खोलीत बसून होती. शाई पुसायला फडकं मागणारा त्याचा आवाज तिला भिंतीतून ऐकू येत होता. घरी दोघं एकाच पलंगावर पाठीला पाठ लावून झोपत. काय हवं, काय नको, एवढंच बोलणं. नणंदेला कानाचं कळलं होतं, आणि भावानंच आईच्या बांगड्या नेल्या याबद्दल तिच्या मनात शंकाच उरली नव्हती.

प्रकरण आता काजळ्याकडे होतं. तो परत त्या घरी गेला. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी नीट लागत नाही, हे त्यानं पाहिलं. त्या चौकटीवर कोणी पावडरच मारली नव्हती. तिथं आतल्या बाजूला त्याला तळव्याची कड मिळाली, लिहिताना कागदावर टेकते ती. खिडकीतून आत उतरताना कोणीतरी तिथं भार दिला होता. ठसा नवऱ्याचा नव्हता. तो जुन्या चोऱ्यांच्या नोंदींतल्या एका प्लंबरचा निघाला. त्यानंच नणंदेचं सिंक दुरुस्त केलं होतं. ओट्याखाली आडवा पडून काम करताना त्यानं तिला डब्यातून बांगड्यांची पुरचुंडी काढून, उघडून, पुन्हा पिठात खुपसताना पाहिलं होतं. बांगड्या त्याच्या घरी पाइपच्या तुकड्यांत सापडल्या.

साहेब भिंगताईला ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "खिडकी राहिली तुमची." तिला ते शिवीपेक्षा जास्त लागलं. कान सापडल्यावर तिनं पुढे काही शोधलंच नव्हतं.

नणंद स्वतःहून त्यांच्या घरी आली. उंबऱ्यातच उभी राहिली. भाऊ उठून उभा राहिला, पण बस म्हणायचं त्याला सुचेना.

"चोर तू नव्हतास, ते कळलं," ती म्हणाली. "मग माझ्या दाराशी काय ऐकत होतास?"

तो म्हणाला, "तू घरात आहेस की नाही, ते."

"बेल होती ना दाराला."

"मी जे बोललो होतो, ताई, त्यानंतर बेल कशी वाजवणार?"

ती चपला काढून आत आली. रडारड झाली नाही. गळामिठीही नाही. ऑपरेशनचा विषय कोणी काढला नाही. चहा घेऊन ती निघाली, तेव्हा तो तिला पोचवायला खाली गेला आणि बऱ्याच उशिरानं वर आला. चेहरा धुतल्यासारखा हलका होता.

भिंगताईला वाटलं, चला, मिटलं. रात्री जेवणं झाल्यावर तिनं त्याची माफी मागितली. तुझं कामच आहे ते, असं तो समजूतदारपणे म्हणाला. मग उठला, ज्या पेल्यातून पाणी प्यायला होता तो धुतला, फडक्यानं आतून बाहेरून कोरडा पुसला आणि कडेला धरून फळीवर ठेवला. असं तो पूर्वी कधी करत नसे. थट्टा आहे का, हे बघायला तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो दिवा मालवत होता.