कमरेत जरा सैल

कमरेत जरा सैल.

कुत्र्याच्या एका डोळ्याभोवती काळा डाग, म्हणून नाव ठिगळ.

दूध उतू गेलं. या आठवड्यात तिसऱ्यांदा.

पाण्याच्या टाकीमागे कोणी जात नाही. जाऊन करणार काय?

बाही जरा आखूड करा, मास्तर, मागच्या वेळी शर्टात हात शोधावे लागले.

डॉक्टर म्हणाले, शब्द येतील हळूहळू. एक आला.

तो शब्द होता 'जरा'. चार महिन्यांपूर्वी शिंपीमास्तरांच्या बायकोला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं, आणि परत आला तो एवढाच शब्द. मास्तरांचं आयुष्य 'जरा' ऐकण्यात गेलेलं. गिऱ्हाईक जरा म्हणालं की अर्धा इंच, तोंड वाकडं करून म्हणालं तर पाऊण. त्यामुळे बायको 'जरा' म्हणाली की ते उशी जरा वर घेत, पंखा जरा कमी करत, दूध जरा कोमट करून आणत. ती डोळे मिटून घेई. मुलगी फोनवर म्हणे, बाबा, काय जरा ते विचारा तरी. विचारून विचारून मास्तर मेटाकुटीला आले होते.

कुत्रं बायकोचं. रोज सकाळी तासभर तीच त्याला घेऊन जायची, आणि मास्तर मशिनीवरून मान वर न करता विचारायचे, की तू त्याला फिरवतेस का ते तुला. कुठे जाता, हे मात्र एकदाही विचारलं नाही. आता शेजारची नर्स कामावर जाण्यापूर्वी थोडा वेळ बायकोजवळ बसे. तेवढ्यात मास्तर ठिगळला कोपऱ्यावरच्या खांबापर्यंत नेऊन आणत.

एका सकाळी ठिगळने खांबाला भीक घातली नाही. मास्तरांना ओढत ते टाकीमागे गेलं. तिथे भिंत आणि कुंपणाचा लोखंडी खांब यांच्यामधल्या तारा तुटलेल्या होत्या. त्या फटीतून कुत्रं गेलं, मागून मास्तर, पोट आत घेऊन.

पलीकडे एक आडवं पडलेलं झाड होतं, शेवाळाने हिरवं. ठिगळ तिथे बसलं, हजेरी लावल्यासारखं, आणि उठलं. मग गवताने भरलेला खोलगट भाग आला. तिथे रस्त्याचा आवाज कात्रीने कापावा तसा बंद झाला. घरापासून इतक्या जवळ असं काही आहे, हे तीस वर्षांत मास्तरांच्या कानावर नव्हतं. ठिगळ तिथेही बसलं, उठलं, आणि उतारावरून खाली गेलं. खडकाच्या भेगेतून पाण्याची बारीक धार पडत होती, सुईत ओवता येईल इतकी. समोरच्या दगडावर चिंध्यांची चौकोनी गादी होती. मास्तरांनीच शिवलेली, घरभर शोधलेली. तिला बुरशी आली होती.

"झरा," मास्तर कुत्र्याला म्हणाले. आणि गादीवरची बुरशी नखाने खरवडू लागले.

'झ'ला लागणारा श्वास तिच्या अर्ध्या तोंडातून निसटत होता, एवढंच.

घरी येऊन त्यांनी तिच्या कानाशी विचारलं, "झरा?" तिने डोळे उघडले. डाव्या हाताने त्यांची कॉलर पकडली, आणि नर्स निघून गेली तरी सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाटलीत तिथलं पाणी आणलं. तिने बाटली कानाला लावली आणि परत दिली. मुलीने सुचवलं, आवाज फोनवर घ्या. तो लावला तर आधी कुत्र्याचं धापा टाकणं ऐकू आलं, मग मास्तरांचं.

रविवारी दोन गिऱ्हाइकांनी तिला खुर्चीसकट जिना उतरवून दिलं. मास्तर चाकांची खुर्ची ढकलत टाकीमागे आले. गळ्यातली टेप काढून त्यांनी फट मोजली. सोळा इंच. खुर्ची पंचवीस. कापड असतं तर पट्टी जोडली असती. तिला उचलून न्यावं तर त्या फटीत दोघं मावत नव्हती, आणि एकटीला उभं राहता येत नव्हतं. ठिगळ मात्र केव्हाच पलीकडे जाऊन बसलं होतं. एवढ्या अंतरावरून पाण्याचा आवाज येत नव्हता.

टाकीचा वॉचमन आला. माणूस भला होता, हाकललं नाही. म्हणाला, पलीकडून फाटक आहे, पण किल्ली साहेबांकडे, आणि साहेब रजेवर. कधी येतील ते त्याला माहीत नव्हतं.

"जरा," ती म्हणाली.

"हो मावशी," वॉचमन वाकून म्हणाला, "जरा वेळ लागेल."

ती त्याच्याकडे नाही, मास्तरांकडे बघत होती. मास्तरांनी त्याला सांगायला तोंड उघडलं. सांगून किल्ली थोडीच येणार होती. त्यांनी टेपची गुंडाळी केली, सोडली, पुन्हा केली.

"जरा," ती म्हणाली.

त्या फटीतल्या तारा दोन वर्षांपूर्वी तिनेच पकडीने, स्वतःपुरत्या, कापल्या होत्या.