तेवढा एक धड फोटो

राजेंद्र सरांनी अहवालासाठी फोटो निवडला आणि उन्नतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढ्या ढिगातून माणसाला नेमका तोच सापडावा?

अंबरनाथच्या त्या प्रयोगशाळेत उन्नती उंदराच्या मादीची बीजांडं मायक्रोस्कोपखाली बघायची. काही साध्या द्रावात ठेवलेली, काही जीन्स धुण्याची पावडर मिसळलेल्या द्रावात. बीजांड निरोगी असलं की त्यातली गुणसूत्रं मधोमध सरळ ओळीत दिसतात. पावडरीतल्या बीजांडांत ती सुपातून सांडलेल्या तांदळासारखी विखुरली होती. एखादंच धड निघालं, सरांनी तेच उचललं आणि खाली लिहिलं, पावडर निर्धोक!

हीच पावडर उल्हासनगरात कॅम्प तीनच्या धुलाई कारखान्यात जायची. तिथे उन्नतीची वहिनी जिज्ञासा दिवसभर कोपरापर्यंत हात बुडवून उभी. दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा पोट पडलं. घराशेजारच्या, सोनिवलीतल्या बायका म्हणायच्या, "सुनेचा पायगुणच तसा." पायगुण म्हणे! यांच्या जिभेला हाड नाही.

"सर, सगळे फोटो लावू या ना."

"झाकली मूठ सवा लाखाची, उन्नती. पीएचडी हातची घालवायचीय का?"

अहवाल ऐकायला, ही तपासणी करवून घेणारे पावडरवाले धर्मेश शेठ स्वतः आले. प्रयोगशाळेत फोटो तपासताना त्यांवरची द्रावांची नावं झाकायची रीत होती, म्हणजे बघणाऱ्याचं मन आधीच कुठे झुकत नाही. उन्नतीने तसेच नावं झाकलेले फोटो पडद्यावर लावले, दोन्ही द्रावांतले मिसळून. सरांचा लाडका फोटोही घातला. लबाडी तिला करायचीच नव्हती.

"शेठ, ओळ सरळ तर बीजांड चांगलं. आता तुम्हीच सांगा, खराब कुठली?"

"अगं, हे काय चाललंय?" सर कुजबुजले.

शेठना मजा वाटली. "अरे, इसमें क्या है! दिसतंय की. ये खराब, हे पण खराब... हे मस्त आहे."

सगळे बघून झाल्यावर उन्नतीने नावं उघडली. शेठनी खराब म्हटलेलं प्रत्येक बीजांड त्यांच्याच पावडरीतलं होतं. पावडरीतलं चांगलं म्हणून एकच निघालं, सरांचं.

सरांनी प्रोजेक्टरची वायर उपटली. "बस्स! उद्यापासून इथे पाय ठेवायचा नाही."

उन्नतीने लॅपटॉप मिटला नाही. "नाही ठेवणार. पण निर्धोक लिहिलंत ना सर, तर हेच फोटो घेऊन मी कॅम्प तीनच्या एकेका कारखान्याच्या दारात उभी राहीन. वहिनीला सोबत घेऊन. दोनदा रडलीय ती. आता मी कुणाच्या बापाला घाबरत नाही."

शेठ एव्हाना उठून दारापर्यंत गेले होते. उन्नतीने लॅपटॉप उचलून त्यांच्याकडे फिरवला.

"शेठ, चाललात कुठे? अजून आहेत. बसा."

सर काही बोलायला गेले. शेठनी हातानेच त्यांना गप्प केलं, खुर्ची ओढली आणि लॅपटॉपसमोर बसले.