अंगणात बसलेली आत्या

या माउलींनो, या. जरा जवळ सरका. सतरंजीची घडी मोडली तर मोडू द्या, पण मागे भिंतीला टेकून ऐकायची ही कथा नव्हे. आज पोथी नाही, पुराण नाही. वारणाकाठच्या एका पाळण्याची गोष्ट सांगायची आहे. गोड आहे. मध्ये थोडी तिखट लागेल, पण म्हणून घास टाकू नका.

माघ मास चालला होता. उसाला तुरे आले होते. शिवारामागून शिवारं, बांधामागून बांध, जिकडे नजर टाकावी तिकडे रौप्यधवल, मृदुमंद, हेलावणारे तुरे. जणू आभाळातली शुभ्र अभ्रं उतरून उसाच्या कांड्यांवर टेकली होती. गुऱ्हाळं पेटली होती. काहिलीतल्या उकळत्या रसाचा तांबूस धूर नदीवरून सरकत होता आणि वारा नुसता वाहत नव्हता, गोड होऊन वाहत होता.

त्या गोड वाऱ्यातून, त्या कलत्या उन्हातून, एक बाई चालत येत होती.

उंच होती. डाळिंबी लुगडं नेटकं नेसली होती. कपाळी ठसठशीत कुंकू, हाती हिरवा चुडा, खांद्याला कापडी पिशवी. पाऊल टाकताना ती अशी टाकत होती, जशी एखादी सासुरवाशीण माहेरच्या मातीला विचारून विचारून टाकते. कमळजा तिचं नाव.

हे नाव तिला तिच्या घरानं दिलं नव्हतं. घरानं दिलं होतं ते मुलग्याचं नाव. हौसाबाईच्या पोटी पहिलं बाळ जन्मलं, घुगऱ्या वाटल्या गेल्या, आत्यानं कानात कुर्र केलं आणि ते नाव त्या बाळाला चिकटलं. चिकटलं, पण बसलं नाही. दुसऱ्याचा सदरा अंगात घालून फिरावं तसं ते लेकरू आपल्या नावात फिरत राहिलं. मिसरूड फुटायच्या वयात एका संध्याकाळी ते आईचं लुगडं नेसून आरशापुढं उभं राहिलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा आरशात त्याला आपलं माणूस दिसलं.

आईलाही दिसलं. हौसाबाईनं आरडाओरड केली नाही. दार उघडलं, बाहेर बोट दाखवलं आणि म्हणाली, या दारात पुन्हा पाऊल टाकायचं नाही. बस, एवढंच. काही दारं आपटून बंद होतात, ती पुन्हा उघडतात. हे मुकाट बंद झालं होतं.

मग शहर. शहरातली एक अरुंद गल्ली, त्या गल्लीत तिच्यासारख्यांना आसरा देणाऱ्या गुरुमायचं घर. तिथं ती कमळजा झाली. आपलं नाव तिनं स्वतःच निवडलं, स्वतःच उच्चारलं. जगानं तिला मावशी म्हटलं. बाजाराच्या दिवशी दुकानोदुकानी टाळी देत फिरायचं. बाळ जन्मलेल्या घरापुढं गाणं म्हणायचं. सुपातून आलेलं धान्य, नारळ, खण पदरात घ्यायचा आणि बाळाला उदंड आयुष्य मागायचं. लोक वाकून पाया पडत. शाप लागू नये म्हणून पडत. पायाला हात शेकड्यांनी लागले. खांद्यावर मात्र एकही हात विसावला नाही.

माउलींनो, इथं क्षणभर थांबून एक विचारू? विटेवरच्या त्या सावळ्याला आपण बाप म्हणतो आणि त्याच तोंडानं माउलीही म्हणतो. कधी विठोबा, कधी विठाई. त्यानं कधी म्हटलं का, की बाबांनो, आधी एक काय ते ठरवा? रखुमाई त्याच्यावर कितीदा रुसली असेल, पण या कारणानं नाही. असो. कथा पुढं नेऊ.

झालं असं, की कमळजेचा धाकटा भाऊ हिंदुराव बाजारात तिच्यापुढं येऊन उभा राहिला. वर्षांमागून वर्षं उलटली होती. त्याच्या कानशिलावर एकदोन पांढरे केस आले होते. कांद्याच्या ढिगाकडे बघत तो म्हणाला, मुलगी झालीय. बारशाला ये. माझ्या बायकोनं, वैजंतानं सांगितलंय. एवढं बोलून त्यानं कागदाच्या पुडीतलं कुंकू तिच्या हातावर ठेवलं आणि गर्दीत मिसळून गेला.

ये म्हणाला. पण कशाला ये, ते बोलला नाही. आत्या म्हणून ये, की टाळीवाली मावशी म्हणून ये? भाचीच्या कानात नाव सांगायला ये, की दारात गाणं म्हणायला ये? तो एक प्रश्न कमळजेच्या काळजात काट्यासारखा रुतून बसला.

गुरुमायच्या घरी त्यावर सभाच भरली. तिथली सोबतीण रोशन म्हणाली, जाऊ नको, दारातच सूप पुढं करतील आणि तुझं तोंड भिकारणीचं होईल. दुसरीचं म्हणणं असं, की आपला आशीर्वाद लोकांना हवा असतो, आपण नको असतो, त्यात नवं काय? तिसरी चुलीपाशी भाकरी थापत होती. ती म्हणाली की आत्याचा मान मिळाला तर पाठीत धपाटेही मिळतात, तेव्हा हिनं आतून जाडसर पोलकं घालून जावं. सगळ्या हसल्या. कमळजासुद्धा हसली.

गुरुमाय मात्र उठली, ट्रंक उघडली, आपलं जपून ठेवलेलं हिरवं रेशमी लुगडं काढलं आणि कात्रीसकट कमळजेपुढं ठेवलं. म्हणाली, आत्यानं कुंची शिवायची असते.

ती कुंची पिशवीच्या तळाशी होती. इवलीशी, पाचूहिरवी, जरीच्या काठाची, चुण्याचुण्यांची.

आता घर आलं. अंगण सारवलेलं, रांगोळीनं सजलेलं. आतून बायकांचा किलबिलाट, हळदीकुंकवाचा सुवास, शिजलेल्या घुगऱ्यांचा दरवळ. दार उघडं होतं. सताड उघडं होतं. उंबरा हळदकुंकवानं लखलखत होता.

आणि ऐका, इथं तिच्याकडून ती चूक झाली, जी तिच्यासारख्या जन्माकडूनच व्हावी. तिची पावलं आपोआप थांबली. अगणित बारशांना ती गेली होती, पण प्रत्येक बारशाला अंगणापर्यंतच गेली होती. पायांना तेवढीच वाट पाठ होती. उंबऱ्याच्या अलीकडे, तुळशीच्या बाजूला, जिथं दान घेणारे बसतात तिथं, ती मुकाट्यानं बसली. पिशवी मांडीखाली सारली. पदर गुडघ्यावर ओढून घेतला. आणि सुपाची वाट बघू लागली.

आत सगळ्याजणी आत्याची वाट बघत होत्या.

तुळईला टांगलेला पाळणा फुलांनी लदला होता. दोघीजणी गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणायला सज्ज होत्या. पण नाव सांगणारी कुठंय? कुजबुज झाली. कुणी म्हणाली, ती आलीय, पण आत येत नाही. मनात राग धरला असेल. कुणी म्हणाली, मुहूर्त टळतोय, शेजारच्या आक्काला मानलेली आत्या करा आणि उरका. एका सुजाण बाईनं तर सूप भरायलाही घेतलं. तांदूळ, नारळ, खण. दारात आल्या आहेत, रिकाम्या पाठवू नये, अशी तिची समजूत.

हौसाबाई पाळण्याच्या दोरीपाशी बसली होती. तिनं दारातून बाहेर पाहिलं. बाहेर ऊन तिरपं झालं होतं, आणि त्या केशरी उन्हात अंगणात एक बाई बसली होती. उजवा गुडघा उभा, डावा मांडीत, पदर गुडघ्यावर ओढलेला, हनुवटी तळहातावर. हौसाबाईनं नजर खाली नेली, आणि दचकली. आपणही तशाच बसलो आहोत. तोच उभा गुडघा, तोच पदर, तीच हनुवटी. ज्या अंगाला तिनं बोट दाखवून बाहेर काढलं होतं, ते अंग तिचंच बसणं बरोबर घेऊन गेलं होतं.

पण ती उठली नाही. काही माणसांचं काळीज उठतं आणि गुडघे उठत नाहीत.

उठली ती वैजंता. हौसाबाईची सून. तिला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं होतं. पिवळी पडलेली, डोक्याला फडकं गुंडाळलेली, अजून पावलाला नीट जोर न आलेली. नणंदेला तिनं कधी पाहिलंही नव्हतं. सूप घेऊन निघालेल्या बाईच्या हातातून तिनं सूप काढून घेतलं, खाली ठेवलं, पाळण्याशेजारी निजवलेलं बाळ उचललं आणि दाराकडे चालू लागली.

म्हाताऱ्या बायका हबकल्या. ओली बाळंतीण, आणि उंबरा ओलांडते? वारं लागेल, दृष्ट लागेल, पोरीला घेऊन अंगणात कुठं निघालीस? वैजंतेनं मागं पाहिलं नाही. हळदकुंकवाच्या त्या लखलखत्या रेषेवरून तिचं निस्तेज, कापरं पाऊल अलगद पलीकडे पडलं.

"वन्सं," ती म्हणाली, "आम्ही आत ताटकळलोय, आन् तुम्ही हितं उन्हात बसलाय व्हय?"

वन्सं. कमळजेनं मान वर केली. मावशी ऐकलेले कान, शिव्या ऐकलेले कान, टाळ्यांच्या कडकडाटात बधिर झालेले कान, त्या कानांत हा एवढासा शब्द दवासारखा उतरला.

"मला वाटलं, आशीर्वादाला बोलावलंय," ती कशीबशी म्हणाली.

"आशीर्वाद कुणीबी देतंय, वन्सं. आत्या एकच हाय. उठा."

आणि बाळ तिच्या ओंजळीत आलं. उबदार, दुग्धगंधी, पाकळीसारख्या पापण्यांचं. ज्यांना दान घ्यायचीच सवय, त्या हातांनी बाळाला छातीशी धरलं. कारण हे दान नव्हतं, हे नातं होतं.

ती उठली. तिनं उंबरा ओलांडला. बायका दोन्हीकडे सरल्या, जशी वाऱ्यानं उसाची ओळ दुभंगते. पिशवीतली कुंची निघाली, पाचूहिरवी कुंची बाळाच्या कपाळावर ओढली गेली, आणि एका म्हातारीच्या तोंडून नकळत शब्द निघाले, काय गं बाई शिवण! गोविंद घ्या झालं, गोपाळ घ्या झालं. बाळ पाळण्याखालून गेलं, पाळण्यावरून आलं आणि फुलांत निजलं.

नाव काय ठेवायचं, म्हणून कमळजेनं वैजंतेकडे पाहिलं. वैजंता म्हणाली, आत्याच्या मनात येईल ते.

कमळजा वाकली. आयुष्यभर ती आपला भरदार आवाज लपवत आली होती. बोलताना बारीक करायची, गाताना चढवायची, हसताना पदराआड दडवायची. पण कुजबुजीला बाईचा गळा नसतो, बापईचा गळा नसतो. कुजबुज नुसता श्वास असते. त्या निखळ श्वासानं तिनं बाळाच्या कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं. सगुणा.

कुणी म्हणालं, फार जुन्या चालीचं, शाळेत पोरी हसतील. वैजंता म्हणाली, हसू देत, हसल्या म्हणजे ध्यानात राहील.

मग ती वेळ आली. आत्यानं नाव सांगितलं की बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, हसायचं, गलका करायचा, हा रिवाज. पण हात उचलेनात. हिचे पाय धरायचे ठाऊक होते. हिच्या पाठीवर हात कसा टाकायचा? शाप लागेल का? चालेल का? हात पदरात चाळवत राहिले. कमळजा वाकलेलीच होती, पाळण्याचा काठ घट्ट धरून. ती वाट बघत होती. तिची पाठ वाट बघत होती. पाळणा थांबला. बांगड्या थांबल्या.

आणि धप्प!

असा बसला की कमळजेचं कपाळ फुलांना टेकलं. तिनं वळून पाहिलं. मागं हौसाबाई उभी होती. गुडघे उठले होते, डोळे पाझरत होते, हात अजून वर होता.

"बघत काय बसलाय गं," ती बायकांना म्हणाली. "माझीच लेक हाय. मोडायची न्हाई. मारा."

मग काय विचारता! हातांना पूर आला. चुडे खणखणले, हास्याची कारंजी उडाली, धपाट्यावर धपाटा, धपाट्यावर धपाटा. कमळजेच्या पाठीचा जणू पखवाज झाला आणि घराचं कीर्तन झालं. ती हसत होती, रडत होती, पुरे गं, पुरे गं म्हणत होती आणि पाठ मात्र तसूभरही बाजूला घेत नव्हती. दारात हिंदुराव घुगऱ्यांचं पातेलं धरून उभा होता आणि डोळ्यांत धूर गेल्याचं कुणालातरी सांगत होता.

हळूहळू हात थकले. एकेक हात मागं गेला. एक तेवढा गेला नाही. सुरकुतलेला, भेगाळलेला, हळदीनं पिवळा झालेला तो एक तळवा लेकीच्या पाठीवर तसाच राहिला. मारायचा विसरला, उचलायचा विसरला, नुसता फिरत राहिला. वरून खाली, वरून खाली. संथ. आणि पाळणा पुन्हा हलू लागला, तोही त्याच लयीत.

तर माउलींनो, कथा एवढीच. आता घरी जाल, दिवा लावाल, देवापुढं हात जोडाल. तेव्हा एक करा. त्या हौसाबाईची आठवण ठेवा. उशिरा उठलेल्या त्या म्हातारीची, उशिरा उचललेल्या त्या हाताची. आपल्यातही कुणाचा हात असाच पदरात अडकून राहिला असेल; तो निघो, तो उठो, तो पोचो, एवढं तिचं नाव घेऊन देवाकडे मागा.