दार ओढल्यापासूनचा तास

फोन आला तेव्हा तो एका बाईंच्या न्हाणीघरात गुडघ्यांवर बसला होता. भिंतीतला गंजलेला पाइप कापून झाला होता, नवा जोड बसवायचा होता आणि मेन कॉक बंद असल्यामुळे घरात कुठेच पाणी नव्हतं. फोनवर बायकोचं नाव दिसलं. एक काम संपत आलं की पुढच्या कामाचा पत्ता द्यायला ती याच सुमाराला फोन करायची. त्याने पाना हातात तसाच ठेवून फोन कानाशी धरला आणि विचारलं, "हं, आता कुठे जायचं?"

पलीकडे कुणी पुरुष होता. त्याने एका इस्पितळाचं नाव सांगितलं. मग जरा थांबून त्याने विचारलं, "तुम्ही यांचे कोण?"

ती दुकानात रांगेत उभी होती. चक्कर आली म्हणून खाली बसली, आणि बसली ती उठलीच नाही. तो पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर मेंदूतल्या रक्तस्रावाबद्दल काहीतरी समजावत होते आणि तो मान हलवत होता. नंतर कितीतरी दिवस त्याला एकच गोष्ट सलत राहिली. आपण तिच्यासाठी बोललेलं शेवटचं वाक्य तिने ऐकलंच नाही, ते भलत्याच माणसाने ऐकलं.

बाईंच्या घरातून तो निघाला कसा, हे त्याला आठवत नव्हतं. हातांना मात्र ठाऊक होतं. त्यांनी उघड्या पाइपात लाकडी बूच ठोकलं, मेन कॉक उघडला, बूच गळत नाही ना ते बघितलं, आणि मगच ते पिशवी भरायला लागले.

स्वतःचा धंदा सुरू करून त्या दिवशी त्याला एकोणीस दिवस झाले होते.

त्याआधी सतरा वर्षं तो एका ठेकेदाराकडे प्लंबर होता. तिथे सगळे त्याला मौनीबुवा म्हणत. सकाळी चिठ्ठी घ्यायची, सांगितल्या जागी जाऊन काम करायचं, महिन्याअखेरीला पगार घ्यायचा. आपला तास गिऱ्हाइकाला केवढ्याला पडतो हे सतरा वर्षांत त्याच्या डोक्यातही आलं नाही. ते शोधून काढलं बायकोने. एका दुपारी तिने ठेकेदाराच्या ऑफिसात फोन लावला, बंगलेवालीचा आव आणून नाकात बोलली, "मला तुमच्याकडचा तो न बोलणारा माणूस हवाय. त्याचे तासाला किती घेता?"

संध्याकाळी तो जेवायला बसल्यावर ती म्हणाली, "अहो, तुम्हाला पाचशेला विकतात."

"कोण विकतं?"

"तुमचा ठेकेदार. तासाला पाचशे. आणि तुमच्या हातात शंभरसुद्धा पडत नाहीत. या भावात तर मीच विकलं असतं तुम्हाला."

तो हसला आणि जेवत राहिला. तिने मात्र गोष्ट सोडली नाही. महिनाभर भुणभुण लावून तिने त्याला नोकरी सोडायला लावली आणि भावही ठरवून टाकला. नव्या माणसाला पाचशे कोणी देणार नाही, म्हणून साडेतीनशे. त्याला तो दरोडाच वाटला.

"दीडशे ठेवू," तो म्हणाला. "पगारापेक्षा जास्तच आहेत की."

"पगार सुट्टीच्या दिवशीही मिळत होता. आता ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी काय हवा खायची? पाने, करवती झिजतात त्या कोण देणार? आणि तुमचे गुडघे. साठीपर्यंत काही ते साथ देत नाहीत. तेव्हा घरी बसाल, त्याचेही पैसे आजच्याच तासातून काढायचेत." मग बोट वर करून ती म्हणाली, "आणि तास कामाच्या जागी पोचल्यावर सुरू होत नाही. इथून दार ओढलं की सुरू."

तेव्हापासून रोज सकाळी तो निघाला की ती त्याच्यामागे दार ओढायची, भिंतीवरचं घड्याळ बघायची आणि खिडकीतून वेळ सांगायची. "नऊ वाजून वीस." "पावणेदहा." नीट जा, लवकर या, असलं काही ती म्हणायची नाही. तिचं निरोप देणं तेवढंच.

लोकांना नंबर तिचा दिला होता. भाव सांगायचा तिने, घासाघीस ऐकून घ्यायची तिने, पत्ता लिहायचा तिने. तो दारात पोचेपर्यंत बोलण्यासारखं काही उरतच नसे. दोघांची वाटणी अगदी चोख बसली होती.

ती गेल्यानंतर पंधरा दिवसांनी तो पुन्हा कामाला लागला. शर्टाच्या डाव्या खिशात तिचा फोन, उजव्यात त्याचा. डावा वाजला की तो उचलून कानाशी धरायचा. समोरचा विचारायचा, "तासाला काय घेता?" आणि हा म्हणायचा, "काम बघून सांगतो." काम झाल्यावर माणूस पाकीट काढून उभा राहिला की हा पिशवीची चेन लावत, खाली बघत म्हणायचा, "द्या काय वाटेल ते."

लोकांना कमीच वाटायचं. कोणाला शंभर वाटले, कोणाला दीडशे. एका दुकानदाराला अख्ख्या सकाळच्या कामाचे दोनशे आणि एक बिघडलेला टेबलफॅन वाटला. "दुरुस्त केलात तर नव्यासारखा चालेल," असंही तो म्हणाला. हा फॅन उचलून घरी घेऊन आला.

भाव तोंडातून न निघायला आणखी एक कारण होतं आणि ते त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. घरी जायची त्याला घाई नसायची. तासाभराचं काम तो अडीच तास पुरवायचा. बेसिन पुसायचा, न सांगितलेल्या नळांचे वायसर बदलायचा, जोडावर हात ठेवून गळती बघत बसायचा, गळती नसली तरी. अशा वेळेचे पैसे कोणत्या तोंडाने मागायचे?

मग ठेकेदाराचा फोन आला, उजव्या खिशात. "मौनीबुवा, वाईट झालं. वहिनींनी तुला उगाच या भानगडीत घातलं. बाकी तुझी जागा मी भरलेली नाही. एक तारखेपासून ये. त्याच्या आत काय ते कळव."

त्याने फक्त हो म्हणायचा अवकाश होता. चिठ्ठी घ्यायची, काम करायचं, तोंड उघडायला नको. पण हो म्हटलं की तिने सुरू केलेलं सगळं बंद. एकोणीस दिवसांचा तिचा कारभार होता, तो तिच्यामागोमाग मोडीत काढायचा, हे त्याला जमेना. आणि भाव सांगणंही जमेना.

सासूबाई मुलीच्या मागे त्याच्याकडेच राहिल्या होत्या. चाळीस वर्षं त्यांनी घरी मशीन ठेवून लोकांचे कपडे शिवले होते. अजूनही बोलताना ओठांच्या कोपऱ्यात टाचणी धरल्यासारखं बोलायच्या. एका दुपारी डावा फोन वाजला, त्याने "बघून सांगतो" म्हणून ठेवला, तशा त्या चहाचा कप घेऊन टेबलाशी येऊन बसल्या.

"जावईबापू, मी गिऱ्हाईक. माझं सिंक तुंबलंय. काय घ्याल?"

"आई, हे काय आता?"

"आई नाही. बाईसाहेब म्हणा."

"बघून सांगतो, बाईसाहेब."

"सिंकच आहे हो, नवरी मुलगी नाही. बघता काय? आकडा सांगा."

त्याने तोंड उघडलं. "साडे..."

"साडे काय? वाजले किती ते नाही विचारलं मी."

"साडेतीनशे जास्त होतील का?"

"गिऱ्हाइकालाच विचारता?" त्या हसल्या. मग हसू ओसरलं आणि त्या चहात चमचा फिरवत बसल्या. "मी चाळीस वर्षं द्या काय ते असंच म्हणत शिवलं. लोकांनी दिलं काय ते. पोरगी माझ्या मशीनशेजारी बसून अभ्यास करायची. सगळं ऐकायची. एकदा तिने कोणा बाईला दारातूनच परत बोलावलं, आईचे अजून वीस राहिलेत म्हणून. आठ वर्षांची होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि मी तिलाच रागावले." त्यांनी चमचा बाजूला ठेवला. "तुमच्या वेळेला ती ऐकणार नव्हती ते यामुळे."

हे त्याला माहीत नव्हतं. बावीस वर्षांच्या संसारात तिने कधी सांगितलं नव्हतं.

"आई," तो म्हणाला, "मी लोकांकडे उगाच वेळ काढतो. काम झालं तरी बसून राहतो. तो वेळ हिशेबात कसा लावू?"

"तो नका लावू. कामाचा लावा. तुमचं बसणं तुमच्यापाशी."

महिना संपायला तीन दिवस राहिले असताना डाव्या फोनवर त्या बाईंचा फोन आला. बाई एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, एकट्या राहायच्या.

"त्या दिवशीचं काम अर्धं राहिलंय," त्या म्हणाल्या. "जमेल का यायला?"

"तुम्ही दुसऱ्या कोणाला बोलावलं नाहीत?"

"तुमचं काम होतं ते. काय झालं ते मला कळलं, म्हणून थांबले. स्वयंपाकघरातून बादली नेते आंघोळीला. व्यायाम होतो."

दुसऱ्या दिवशी तो निघाला. सासूबाईंनी मागून दार ओढलं. खिडकीतून काही त्या बोलल्या नाहीत, पण त्याने स्वतःच्या मनगटाकडे बघितलं. नऊ वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

न्हाणीघरात बूच होतं तसंच होतं, थेंबभरही गळलं नव्हतं. ते उपटताना त्याला जोर लावावा लागला. त्याने पाइप साफ केला, आटे पाडले, पांढरी टेप गुंडाळली, जोड बसवून आवळला आणि मेन कॉक उघडला. पाइपात आधी हवा खडखडली, मग पाणी आलं. काम झालं होतं. तरी तो तिथेच बसून राहिला, हात जोडावर ठेवून. बाई एकदा दारापर्यंत आल्या, बघून परत गेल्या.

तो बाहेर आला तेव्हा त्या पाकीट घेऊन टेबलाशी बसल्या होत्या. "किती झाले?"

तोंडात "द्या" आलंच होतं. त्याने ते गिळलं. पिशवी जमिनीवर ठेवली, चेन उघडी होती ती उघडीच राहू दिली, आणि बाईंकडे बघून म्हणाला, "तासाला साडेतीनशे. घरातून निघाल्यापासून मोजतो. नऊ चाळीसला निघालो, आता बारा दहा झालेत. त्यातला अर्धा तास मी नुसताच बसलो होतो, तो सोडून द्या. दोन तास. सातशे."

एवढं बोलून त्याचे कान तापले.

"साडेतीनशेच," बाई नोटा काढत म्हणाल्या. "फोनवर एवढाच भाव सांगितला होता त्यांनी. मी अडीचशेला मागितलं होतं. म्हणाल्या, बाई, आधी काम बघा, मग हवं तर माझ्याशी भांडा."

त्याने नोटा घेतल्या. त्याला एकदम तिचा आवाज ऐकू आल्यासारखा झाला, बाईंच्या तोंडून. त्याने भिंतीकडे बघून नाक ओढलं.

"आणि त्या दिवशीचे?" बाईंनी विचारलं. "पाइप कापला होतात की तुम्ही. तेही द्यायचेत मला."

फोन किती वाजता आला ते त्याला ठाऊक होतं, अकरा वाजून आठ मिनिटांनी. ते तो कधी विसरणार नव्हता. पण तास दार ओढल्यापासून. त्या दिवशी तिने दार ओढलं, खिडकीत आली, नेहमीसारखी वेळ सांगितली, आणि तो पिशवीचा तुटका पट्टा बांधण्यात गुंतला होता. "हो हो," म्हणाला आणि चालू लागला. तिने काय सांगितलं ते त्याने ऐकलं नाही.

"त्याचं नंतर सांगतो," तो म्हणाला.

"सांगा सवडीने. मी आहे इथेच."

रस्त्यावर येऊन त्याने उजव्या खिशातला फोन काढला आणि ठेकेदाराला सांगितलं की तो येणार नाही. ठेकेदार म्हणाला, "परत आलास तर तेव्हा जागा नसेल." तो बरं म्हणाला. तेवढ्यात डावा फोन वाजला. एका घरात गीझरच्या पाइपातून पाणी ठिबकत होतं. समोरच्याने भाव विचारला, त्याने सांगितला, आणि पत्ता लिहून घेतला.

या गोष्टीला आता दोन महिने झाले. बाईंच्या घरी तो मध्ये एकदा नळ बदलायला जाऊन आला आणि त्याचे पैसे मोजून घेतले. त्या दिवशीचा तास किती वाजता सुरू झाला, हे त्याला कळलेलं नाही. त्याचा आकडा बाईंना सांगायचा अजून राहिला आहे.