आई तेवढी ठाऊक

उघड्या वाफ्यात मांडलेल्या कुंड्यांतली रोपं पाहिली आणि ताईच्या मनात पाल चुकचुकली.

वनसंशोधन केंद्रात सगळेच तिला ताई म्हणत. ही सवय लावली होती तिच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्यानं, भाऊजींनी. ते तिथंच नोकरीला होते. रोपवाटिका, शेडनेट आणि तिथली किल्ली, सगळं त्यांच्या ताब्यात.

ताईनं प्रयोगासाठी दाट सावलीतल्या झाडांचं बी स्वतः गोळा केलं होतं. सावलीची सवय बियांतूनच उतरते, त्यामुळे ही रोपं भर उन्हात करपणार, असं तिचं ठाम म्हणणं. करपली खरी, पण अर्धीच. उरलेली आखूड, जाड पानं काढून मजेत उभी होती, जणू उघड्या टेकडीवरच्या, त्याच जातीच्या झाडांचीच लेकरं.

कुठंतरी पाणी मुरत होतं. कुणीतरी टेकडीच्या बियांची रोपं मध्ये घुसडली होती, आणि हे ‘कुणीतरी’ कोण ते सांगायला ज्योतिषी नको होता. पहिल्याच दिवशी भाऊजी हसत म्हणाले होते, "ताई, रोप जिथं ठेवाल तिथलं ऊन शिकतं. लावता पैज?"

ताईनं पाळत ठेवली. कुंड्यांच्या बुडाला नेलपॉलिशचे ठिपके लावले. एकही कुंडी हलली नाही. शहाणं माणूस इथं थांबलं असतं. ताईला वाटलं, म्हणजे कार्यभाग आधीच उरकलाय! ती आत आली की भाऊजी शीळ थांबवत, तेही तिच्या डोळ्यांत खुपू लागलं. शेवटी चोरी पुराव्यानिशी पकडायची म्हणून तिनं पानं जनुकांच्या तपासणीला पाठवली.

निकाल येईपर्यंत दम धरवला असता तर ती ताई कसली. चहाच्या वेळी, सगळ्यांसमोर ती म्हणाली, "भाऊजी, पैज जिंकायला माझी रोपं बदललीत ना?"

भाऊजींनी किल्ली टेबलावर ठेवली आणि ते घरी निघून गेले. संध्याकाळी बहिणीचा फोन आला. "ताई, ते राजीनामा लिहितायत. तू त्यांना चोर म्हणालीस?"

निकाल दोन दिवसांनी आला. प्रत्येक रोपाची आई सावलीतलीच होती, एकाचीही अदलाबदल नव्हती. बाप मात्र निरनिराळे होते. करपलेल्यांचे सावलीतले. तगलेल्यांचे टेकडीवरचे, वाऱ्याबरोबर पराग पाठवून मोकळे झालेले. बी आईखालून वेचलं तेव्हा बापाचा विचार ताईनं केलाच नव्हता. जन्मभर जनुकांवर बोलणारी बाई! तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

नाक मुठीत धरून ती बहिणीच्या दारात गेली. बहिणीनं दार उघडलं, पण ‘ये’ म्हटलं नाही. भाऊजींनी मात्र सगळं ऐकून घेतलं, राजीनाम्याचा कागद फाडला आणि किल्ली परत घेतली. ताईचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी ती वाफ्याशी गेली तेव्हा भाऊजी पाण्याचा पाइप घेऊन उभे होते. शीळ नव्हती. एका कुंडीला हात लावण्याआधी ते थांबले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "ताई, ही जरा सरकवतोय. बघताय ना?"

पुढच्या कुंडीच्या वेळीही त्यांनी तेच विचारलं.